डिझेल कुठं जातं? ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि आपला हिशोब

(महासंघाच्या मासिक बैठकीत मी केलेली मांडणी. ज्या ताया त्या दिवशी सोयाबीनच्या कामात होत्या आणि येऊ शकल्या नाहीत, त्यांनी अंकात छापा म्हणून सांगितलं. बोलले तसंच ठेवलंय, थोडं नीट करून. – क्षेत्र समन्वयक)



आजच्या विषयपत्रिकेत पाचवा विषय आहे, अवजार बँकेसाठी दुसरा ट्रॅक्टर घ्यायचा की नाही आणि घेतला तर कोणता. तीन दुकानांची कोटेशनं आलीत. मागच्या बैठकीत ती वाचून दाखवली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मॅडम, यातलं आम्हाला काही समजत नाही, तुम्हीच ठरवा." मी तेव्हा गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर मलाही समजत नव्हतं. मी समाजकार्य शिकले. गट कसा बांधायचा, ठराव कसा लिहायचा, हे शिकवलं होतं. गिअरबॉक्स शिकवला नव्हता.

पण कर्ज गटांच्या नावावर निघणार आहे. परतफेड तुमच्या बचतीतून आणि भाड्यातून होणार आहे. मग "तुम्हीच ठरवा" चालणार नाही. म्हणून महिनाभर मी मेकॅनिककडे गेले, आपल्या ड्रायव्हरसोबत शेतात फिरले, कृषी महाविद्यालयातल्या सरांना विचारलं. जे समजलं ते आज सांगते. चुकलं तर थांबवा.

आधी एक गोष्ट सांगते. ती सांगायची परवानगी मी त्या मावशींकडून घेतली आहे. त्या इथंच बसल्यात.

पहिल्या ट्रॅक्टरचा पहिला हंगाम संपला तेव्हा आपण वहीचा हिशोब केला. काम भरपूर झालं होतं. भाडंही बऱ्यापैकी वसूल झालं होतं. पण डिझेलचा खर्च इतका निघाला की हप्ता भरून हातात जवळपास काहीच उरलं नाही. शेजारच्या गावातल्या खासगी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तर त्याचं त्याच कामाला आपल्यापेक्षा कमी डिझेल लागत होतं. मग काय, कुजबुज सुरू झाली. "पोरगा डिझेल विकते वाटते." ड्रायव्हर आपल्याच मावशींचा मुलगा. त्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले तर चुलीपुढं बसून होत्या. एवढंच म्हणाल्या, "मॅडम, माया पोरगा चोर नाही." आणि मी काय केलं? मी "बघू" म्हणाले. माझ्याही मनात शंका होती, हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

मग आपण टाकीला कुलूप लावलं. डिझेल आणायचं काम दुसऱ्या ताईकडं दिलं. तरी खर्च तेवढाच! म्हणजे डिझेल टाकीतून चोरीला जात नव्हतं. ते इंजिनातच जळत होतं. मग जास्त का जळत होतं? त्याचं उत्तर शोधता शोधता मी गिअरबॉक्सपर्यंत पोचले.

गिअर करतो काय?

तुमच्यातल्या कितीजणींकडं शिलाई मशीन आहे? हात वर करा. बऱ्याच आहेत. मशीनला खाली मोठं चाक असतं आणि वर लहान. पायानं खालचं चाक एकदा फिरलं की वरचं कितीतरी वेळा फिरतं. वेग वाढला. पण वरच्या चाकात जोर फार नसतो, बोटानं अडवलं तरी थांबतं. वेग मिळाला की जोर कमी होतो.

ट्रॅक्टरमध्ये याच्या उलट करायचं असतं. इंजिन मिनिटाला साधारण दोन हजार फेरे फिरतं. पण पंजी मारताना ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालतो, तेव्हा मागचं मोठं चाक मिनिटाला फक्त वीस-बावीस फेरे फिरतं. म्हणजे दोन हजाराचे वीस करायचे! लहान दातेरी चाकानं मोठं चाक फिरवायचं, त्यानं आणखी मोठं. प्रत्येक टप्प्याला वेग कमी होतो आणि जोर वाढतो. हे काम करणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स. त्याच्या पुढं डिफरन्शियल, मग मागची चाकं.

खालचा गिअर, म्हणजे जोर जास्त, वेग कमी. वरचा गिअर, म्हणजे वेग जास्त, जोर कमी. नांगरटीला खालचा लागतो, रिकाम्या ट्रॉलीला वरचा. एवढं तर आपण बघून बघून जाणतोच.

आपल्या ट्रॅक्टरच्या कागदावर "आठ अधिक दोन" लिहिलंय. म्हणजे पुढं जायचे आठ गिअर, मागं यायचे दोन. पण मोठ्या दांड्यावर तर चारच नंबर दिसतात! त्याचं कारण शेजारचा छोटा दांडा, हाय आणि लो. चार गिअर लो मध्ये, तेच चार हाय मध्ये, झाले आठ. मागचा एक लो मध्ये, एक हाय मध्ये, झाले दोन.

गिअरबॉक्सचे प्रकार

कोटेशनमध्ये जे शब्द आलेत ते एकेक बघू. घाबरू नका, चार-पाचच आहेत.

पहिला, स्लायडिंग मेश. यात गिअर टाकला की एक दातेरी चाक सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातात बसतं. दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतील तर दात दातावर आपटतात. तो कर्रर्र आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्यामुळं क्लच पूर्ण दाबून, ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलावा लागतो. फायदा असा की रचना साधी, किंमत कमी, आणि गावातला मेकॅनिकही उघडून दुरुस्त करतो. तोटा असा की घाई करणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात दात लवकर झिजतात.

दुसरा, कॉन्स्टंट मेश. यात दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर टाकला की चाक सरकत नाही. मधली एक कडी सरकते आणि हव्या त्या चाकाला दांड्याशी जोडते. दात सहसा तिरके असतात, त्यामुळं आवाज कमी, झीज कमी, गिअर सहज पडतो. बाजारात "पार्शियल कॉन्स्टंट मेश" सुद्धा आहे. पार्शियल म्हणजे अर्धवट. काही गिअर या पद्धतीचे, बाकीचे जुन्या सरकत्या पद्धतीचे. म्हणून दुकानदार नुसतं "कॉन्स्टंट मेश आहे ताई" म्हणाला की विचारायचं, "सगळे गिअर की काही?"

तिसरा, सिंक्रोमेश. यात एक जादा कडी असते. गिअर पडण्याआधी ती दोन्ही भागांना घासून त्यांचा वेग सारखा करते. दोन पोरी सोबत धावत असतील तर एकमेकींचा हात धरणं सोपं जातं, तसं. त्यामुळं चालता चालता गिअर बदलता येतो. रस्त्यावर ट्रॉली ओढताना याचा फार उपयोग. किंमत जास्त, आणि बिघडला तर खर्चही जास्त.

चौथा शब्द शटल. हा पुढं-मागं करायचा वेगळा दांडा. ज्याला दिवसभर पुढं-मागं करावं लागतं, म्हणजे लोडर लावून माती, शेणखत भरायचं, त्याला हा सोयीचा. आपल्या अर्ध्या-एक एकराच्या तुकड्यांत धुऱ्यावर वळताना मागं घ्यावं लागतं, तिथंही उपयोग होतो.

पाचवा, हायड्रोस्टॅटिक. यात इंजिन तेलाचा पंप फिरवतं, आणि तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. गिअर बदलायची कटकट कमी, पायानं वेग कमी-जास्त. बागेत, गवत कापायला, लहान यंत्रांत हे चांगलं चालतं. पण तेल दाबण्यात आणि गरम होण्यात इंजिनाची ताकद दातेरी चाकांपेक्षा जास्त वाया जाते. म्हणून दिवसभर पंजी किंवा नांगर ओढायचं काम असेल तर त्याला डिझेल जास्त लागतं. परदेशातल्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये तेल आणि दातेरी चाकं दोन्ही एकत्र वापरतात. जर्मनीच्या फेंट कंपनीनं १९९६ मध्ये तसा 'व्हॅरिओ' ट्रॅक्टर आणला. त्यात ठरावीक गिअर नसतातच, वेग हवा तसा सलग बदलतो. ती आपल्या कामाची आणि आपल्या खिशाची गोष्ट नाही, पण कुणी नाव घेतलं तर काय ते माहीत असावं.

मग कमी डिझेल कशाला लागतं?

आता मुद्द्याचं. मी सरांना हाच प्रश्न विचारला, "सर, यातला कोणता गिअरबॉक्स डिझेल वाचवतो?" सर हसले. म्हणाले, स्लायडिंग असो, कॉन्स्टंट असो की सिंक्रोमेश, तिन्हीत शेवटी दातेरी चाकंच आहेत. त्यांच्यात वाया जाणाऱ्या ताकदीचा फरक फार मोठा नाही. डिझेल ठरतं ते कोणत्या कामाला कोणता गिअर टाकला आणि रेस किती ठेवली यावर.

मग मी आपल्या ड्रायव्हरसोबत शेतात गेले. हरभऱ्याआधीची दुसरी पंजी चालू होती. जमीन आधीच मोकळी झालेली, म्हणजे काम हलकं. तो लो तीन मध्ये पूर्ण रेस करून चालवत होता. डॅशबोर्डवरचा काटा २१०० वर. मी विचारलं, "एवढी रेस का रे?" तो म्हणाला, "ताई, ज्याच्याकडं शिकलो तो म्हणे, कमी रेसवर चालवलं की इंजिन मरते." लो चार टाकायचा म्हटलं तर गिअर कर्रर्र करतो, म्हणून तो टाळत होता. आणि एक पाय कायम क्लचवर ठेवायची सवय.

एकंदर आमचं डिझेल तिथं जात होतं.

इंजिन पूर्ण रेसवर फिरलं की काम हलकं असो की जड, ते स्वतःला फिरवायलाच बरंच डिझेल खातं. पिस्टन वरखाली करायला, पंखा फिरवायला, पंप चालवायला. चुलीवर एक कप चहा ठेवायचा आणि खाली आख्खी मोळी पेटवायची, तसं. चहा होतो, पण लाकूड किती गेलं?

हलक्या कामाला उपाय सोपा आहे. एक गिअर वर, आणि रेस कमी. लो तीन मध्ये २१०० वर जो वेग होता, तोच आमच्या ट्रॅक्टरला लो चार मध्ये साधारण १५०० वर मिळाला. शेतातला वेग तोच, पंजीचं काम तेच. इंजिन मात्र मिनिटाला सहाशे फेरे कमी फिरलं.

आम्ही मोजून बघितलं. सपाट जागेवर ट्रॅक्टर उभा केला, टाकी गळ्यापर्यंत भरली. एक एकर जुन्या पद्धतीनं केलं. परत त्याच जागी आणून, मापाच्या कॅननं टाकी गळ्यापर्यंत भरली. कितीनं भरली ते लिहिलं. मग शेजारचा तसाच एक एकर नव्या पद्धतीनं. एकरामागं अर्ध्या लिटरहून थोडं जास्त डिझेल वाचलं. मोजायला मावशी स्वतः होत्या. कॅन त्यांच्याच हातात होता.

अर्धा लिटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. चला, हिशोब करू. तासाला अर्धा लिटर वाचला असं धरा. वर्षात हलकी कामं २०० तास होतात असं धरा. १०० लिटर झाले. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर ९,००० रुपये. दहा बायकांचा गट महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतो, त्याची नऊ महिन्यांची बचत. ती आपण धुरात घालवत होतो आणि एका पोराला चोर ठरवत होतो.

कुठं रेस कमी करायची नाही

हा नियम सगळीकडं चालत नाही, हे नीट लक्षात ठेवा. नाहीतर डिझेल वाचवायला जाऊन इंजिन बसवाल.

एक. जड काम असेल, खोल नांगरट, ओली जमीन, चढावर भरलेली ट्रॉली, तर रेस कमी करून वरचा गिअर टाकायचा नाही. इंजिन गुरगुरायला लागलं, काळा धूर आला, रेस वाढवली तरी फेरे वाढत नाहीत, म्हणजे इंजिनावर भार जास्त झाला. लगेच खालचा गिअर टाकायचा. साधी परीक्षा अशी, काम चालू असताना रेस थोडी वाढवून बघा. इंजिन पटकन उचलत असेल तर ठीक. उचलत नसेल तर गिअर खाली.

दोन. पीटीओवर चालणारी कामं. रोटावेटर, फवारणी पंप, मळणी यंत्र. यांना पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे लागतात. रेस कमी केली की पीटीओचे फेरेही कमी होतात, रोटावेटर ढेकळं सोडतो. काही ट्रॅक्टरला "इकॉनॉमी पीटीओ" असतो. त्यात इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाच पीटीओला ५४० मिळतात. फवारणीसारख्या हलक्या पीटीओच्या कामाला त्यानं डिझेल वाचतं. जड रोटावेटरला नेहमीचाच वापरायचा.

तीन. उतारावर ट्रॉली असताना गिअर काढून न्यूट्रलवर सोडायचं नाही. कुणी म्हणेल, त्यानं डिझेल वाचतं. त्यात ट्रॉली ढकलते, ब्रेक पुरत नाही, माणसं मरतात. असं वाचवलेलं डिझेल आपल्याला नको.

आणि पीटीओचा विषय निघालाच आहे तर, फिरत्या पीटीओच्या दांड्यावर झाकण नसेल तर ट्रॅक्टर कामाला काढायचाच नाही. पदर, ओढणी, गळ्यातला रुमाल, काहीही एकदा त्यात गेलं की हात काढायलाही वेळ मिळत नाही. मळणीच्या वेळी आपणच तिथं जवळ असतो.

गिअरबॉक्सच्या प्रकाराचा संबंध इथं येतो

तुम्ही म्हणाल, मग प्रकारानं काही फरक पडत नाही तर स्वस्तातला घेऊ. थांबा.

आपला ड्रायव्हर लो चार का टाळत होता? कारण गिअर कर्रर्र करत होता. गिअर बदलणं जितकं कष्टाचं, तितका माणूस एकाच गिअरमध्ये दिवस काढतो आणि सगळा खेळ रेसवर करतो. गिअर सहज पडत असेल, तर तो कामाप्रमाणं गिअर बदलतो. म्हणजे कॉन्स्टंट मेशचा फायदा असा फिरून मिळतो. ट्रॅक्टर तोच राहतो, माणसाची सवय सुधारते.

दुसरी गोष्ट, गिअर किती आहेत यापेक्षा शेतकामाच्या वेगात किती आहेत ते बघायचं. आपली बहुतेक शेतकामं ताशी ४ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान होतात. बाकीचे गिअर फार हळू किंवा रस्त्यावरचे. एखाद्या ट्रॅक्टरला बारा गिअर असतील पण त्या वेगात तीनच, आणि दुसऱ्याला आठ असून त्यात चार, तर आपल्या शेताला दुसरा बरा. प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तकात कोणत्या गिअरला किती वेग याचा तक्ता असतो. तो मागायचा.

तिसरी गोष्ट, क्लच. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही थांबतो. डबल क्लच असेल तर अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. रोटावेटर मारताना वळणावर, किंवा पीटीओवरच्या चालत्या कामात मध्ये थांबावं लागतं तेव्हा हे उपयोगी. आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय कोणत्याही क्लचला वाईटच. प्लेट झिजते, ताकद घसरते, डिझेल वाया जातं.

आणखी चार जागा जिथून डिझेल गळतं

गिअर सोडून आणखी काही गोष्टी सापडल्या. त्या पटपट सांगते.

चाक जागेवर फिरणं. मोकळ्या जमिनीत चाक थोडं घसरणारच, पण प्रमाणाबाहेर नको. मोजायची पद्धत सोपी. टायरवर खडूनं खूण करा. पंजी जमिनीत घालून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा, दोन्ही टोकांना काठी रोवा. मग पंजी उचलून तेवढंच अंतर चाला आणि फेरे मोजा. साडेआठ ते नऊ भरले तर ठीक आहे. सात-आठच भरले तर चाक जास्त घसरतंय. मग वजन, टायरची हवा आणि पंजीची खोली बघायची.

एअर फिल्टर. आपल्याकडं धूळ किती, हे काय सांगायचं. फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा पुरत नाही, धूर काळा होतो.

उभा चालू ठेवणं. शेतमालक डबा खातोय, ड्रायव्हर बोलतोय आणि ट्रॅक्टर धडधडतोय. काम थांबलं तर बंद करायचा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या हातातली, फेऱ्या. आज या टोकाच्या ताईचा अर्धा एकर, उद्या त्या टोकाच्या ताईचा पाऊण. ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर जास्त. लहान शेताचं हे खरं दुखणं आहे. एका शिवारातल्या चार-पाच जणींनी एकाच दिवसाचं बुकिंग केलं तर रस्त्याचं डिझेल वाटलं जातं. आणि तास लांबीकडून काढायचे, आडवे नाही. वळणं कमी होतात.

दुकानात विचारायचे प्रश्न

आता पाचवा विषय. ट्रॅक्टर बघायला गेलो तर खरेदी समितीच्या तायांनी हे प्रश्न वहीत लिहून न्यायचे आणि उत्तरं तिथंच लिहायची.

१. गिअरबॉक्स कोणता? सगळे गिअर कॉन्स्टंट मेश की काही?
२. प्रत्येक गिअरचा वेग दाखवा. ४ ते १२ किलोमीटरमध्ये किती गिअर?
३. क्लच सिंगल की डबल?
४. पीटीओला ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात? इकॉनॉमी पीटीओ आहे का?
५. सरकारी चाचणीचा अहवाल आहे का?
६. गिअरबॉक्सचं तेल किती तासांनी बदलायचं, किती लिटर लागतं, आज त्याची किंमत काय?
७. गिअरबॉक्स उघडणारा मेकॅनिक जवळात जवळ कुठं आहे?
८. आमच्या शेतात, आमची पंजी लावून चालवून दाखवाल का?

पाचव्या प्रश्नाबद्दल थोडं. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची संस्था आहे, तिथं ट्रॅक्टरची चाचणी होते. पीटीओवर ताकद किती मिळाली, त्याला डिझेल किती लागलं, हे अहवालात असतं. जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरपेक्षा हा आकडा आपल्या कामाचा. अशा चाचणीमागची एक जुनी गोष्ट सरांनी सांगितली. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्यानं घेतलेला ट्रॅक्टर सांगितल्याप्रमाणं काम करेना. पुढं तो तिथल्या विधिमंडळात निवडून गेला, आणि १९१९ मध्ये कायदा झाला की राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठात त्याची चाचणी झाली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी एका फसलेल्या शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न आहे तो. आपण विचारायला काय हरकत आहे?

आठव्या प्रश्नात अजून एक जोडा. चालवून बघताना आपल्यातली एक ताई सीटवर बसली पाहिजे. पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का, सीट पुढं-मागं होते का, गिअरचा दांडा ओढायला किती जोर लागतो. आपल्या दोन ताया ट्रॅक्टर शिकत आहेत. ट्रॅक्टर पुरुषाच्या उंचीवर बघून घेतला, तर त्या शिकून काय करतील?

वही

शेवटचं. आपल्या वहीत आजवर तारीख, नाव, तास आणि भाडं एवढेच रकाने होते. आता चार वाढवले आहेत. काम कोणतं, गिअर कोणता, इंजिनाचे फेरे किती, डिझेल किती भरलं. काही ट्रॅक्टरचं तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, रेस कमी असली की मीटरचा तासही हळू भरतो. म्हणून घड्याळाची वेळही लिहायची. लिहायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या हंगामात हे रकाने असते, तर आपण एका घराला दोन महिने मान खाली घालायला लावली नसती.

मावशी आज परत बैठकीत आहेत. त्यांचा मुलगा आता शिकणाऱ्या दोघींना गिअर शिकवतोय. परवा मी शेतात गेले तर तो एकीला सांगत होता, "ताई, काम हलकं हाय, गिअर वर घ्या, रेस कमी करा." मी मावशींची माफी खासगीत मागितली होती. आज सगळ्यांसमोर मागते.

अनुदान मिळालं तर चांगलंच आहे. ट्रॅक्टरची किंमत एकदा द्यायची असते. डिझेल मात्र रोज भरायचं असतं, आणि ते कुणी अनुदानात देत नाही. म्हणून पाचव्या विषयावर हात वर करण्याआधी माझी एवढीच विनंती आहे. तिन्ही कोटेशनच्या ट्रॅक्टरला हे आठ प्रश्न विचारून येऊ, उत्तरं पुढच्या बैठकीत वाचू, आणि मग ठरवू. एक महिना उशीर झाला तरी चालेल. परतफेड काही वर्षं चालणार आहे.

कुणाला विचारायचं असेल तर विचारा. मला माहीत नसेल तर मेकॅनिकला फोन लावू.



(बैठकीचा निर्णय: खरेदीचा विषय एक महिना पुढे ढकलला. पाच तायांची समिती नेमली, त्यात ट्रॅक्टर शिकणाऱ्या दोघी आणि मावशी आहेत. प्रश्नांची यादी प्रत्येक ग्रामसंघाला पाठवली आहे. ज्यांच्या घरी स्वतःचा ट्रॅक्टर आहे त्यांनीही टाकी भरून, मोजून बघावं आणि आकडा ग्रामसंघाच्या वहीत लिहावा.)